चिकटवलेली पानं

"पंचेचाळीसनंतर एकदम अठ्ठेचाळीस येतं," वल्लरी म्हणाली. "मला आधी वाटलं, पणजीने आकडे चुकवले असतील. मग म्हटलं, पणजी आणि आकडे चुकवणार?"

कुणी हसलं नाही. एरवी दुर्गाबाईंच्या काटेकोरपणाचा विषय निघाला की या घरात हशा ठरलेला असे. पोस्टाच्या पाकिटावरही त्या पट्टी धरून ओळी आखत, हे सांगताना श्यामसुंदर अजूनही आईची नक्कल करून दाखवत. पण आज डायनिंग टेबलावर जुनी, काळ्या पाठीची वही उघडी पडली होती आणि तिची दोन पानं कडेने पिवळी होऊन एकमेकांपासून सुटली होती. बाल्कनीच्या दाराशी बसलेल्या कुसुमच्या मांडीवर मटारची परात होती. तिने वहीकडे एकदाच पाहिलं आणि पुन्हा शेंग सोलायला घेतली. शेंगेत दाणेच नव्हते, तरी ती सोलत राहिली.

डिंक अठ्ठावन्न वर्षं टिकला, हेच खरं तर नवल. तो टिकेल याची कुसुमला एवढी खात्री होती की वल्लरीने पथकाच्या सगळ्या वह्या स्कॅन करायला मागितल्या तेव्हा तिने स्वतः स्टुलावर चढून त्या माळ्यावरून काढून दिल्या होत्या.

ताराराणी गाइड पथकाला या डिसेंबरात पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. दुर्गाबाईंनी पेठेतल्या मुलींच्या शाळेत ते सुरू केलं, नंतर लेक कुसुमने तीस वर्षं चालवलं, आणि आता कुसुमची सून सुरुची त्याची कप्तान होती. म्हणजे पथक शाळेचं की घराचं, असा प्रश्न कुणाला पडला तर तो चुकीचा म्हणता आला नसता. अमृतमहोत्सवाचं पुस्तक लिहिलं होतं बावीस वर्षांच्या वल्लरीने, कुसुमच्या नातीने. सोमवारी सकाळी ते छापायला जायचं होतं, आणि आज रविवार होता.

पुस्तकाचं पहिलं प्रकरण श्यामसुंदरना फार आवडलं होतं. एकोणीसशे नऊ साली लंडनला मुलांचा स्काउट मेळावा भरला आणि त्यात काही मुली, कुणी बोलावलेलं नसताना, जाऊन उभ्या राहिल्या: आम्हालाही हे हवंय. पुढच्या वर्षी मुलींची वेगळी संघटना निघाली, तिच्या पुढच्या वर्षी ती जबलपूरला पोचली, पण गोऱ्या मुलींपुरती. हिंदी मुलींना आत यायला आणखी चार-पाच वर्षं दारात थांबावं लागलं. "आगंतुक मुलींची चळवळ! वा," असं श्यामसुंदर सगळ्यांना फोन करून सांगत होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना एवढा आनंद कशाने झाला नव्हता. पथकाच्या विश्वस्त मंडळाचे ते अध्यक्ष, आणि आईच्या नावाने यंदापासून एक पुरस्कार द्यायचा हा ठरावही त्यांचाच.

"वाचू?" वल्लरीने विचारलं.

"आम्हाला डोळे आहेत," श्यामसुंदर म्हणाले, पण चष्मा त्यांनी हातातच ठेवला होता.

वल्लरीने तुकड्यांच्या नायिकांच्या त्या सभेची नोंद वाचली. "मानसभा, अकरा जानेवारी एकोणीसशे सदुसष्ट. उपस्थित, पाचही संघनायिका. विषय, इंग्लंडमधील आंतरराष्ट्रीय शिबिरासाठी एका गाइडची निवड. मते, ललिता इंगळे चार, कुसुम कानिटकर एक. निर्णय, ललिता इंगळे हिने जावे. लेखनिक, कुसुम कानिटकर." तिने पान उलटलं. "आणि हे अठ्ठेचाळीस. तारीख तीच. 'ललिता इंगळे हिच्या पालकांची संमती न मिळाल्याने कुसुम कानिटकर हिची निवड करण्यात येत आहे.' अक्षर तेच. आजी, संमती मिळाली नव्हती तर पहिलं पान चिकटवलं कशाला?"

प्रश्न सरळ होता. कुसुमला उत्तर येत होतं आणि ते तोंडाबाहेर काढायची तिला भीती वाटत होती. तिची भीती आईसाठी नव्हती, शिबिरासाठीही नव्हती. या मुलीच्या नजरेतून आपण उतरणार, एवढीच ती भीती होती, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती पुरेशी होती.

"विचारलंच नव्हतं त्यांना," ती म्हणाली. "ललिताचे वडील खडकीच्या कारखान्यात होते. आई त्यांच्याकडे गेलीच नाही. संध्याकाळी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हणाली, लिही. ललिताला धड इंग्रजी येत नाही, काट्याचमच्याने जेवता येत नाही, तिथे देशाची लाज जाईल. मी लिहिलं. पानांवर आकडे घातलेले, त्यामुळे फाडता येईना. मग डिंकाची बाटली मीच आणली."

"आणि आजी, तुला जे एक मत होतं, ते तुझंच?"

"नाही. माझं मत ललिताला होतं. मला दिलेलं एक मत तिचं."

सुरुची स्वयंपाकघराच्या दारात फडक्याला हात पुसत उभी होती. ती हात पुसायची थांबली.

"झालं?" श्यामसुंदर म्हणाले. "आता अठ्ठावन्न वर्षांपूर्वीच्या पोरींच्या मतदानाची फेरमोजणी करायची, का निवडणूक आयोगाला पत्र घालायचं? आई जाऊन तीस वर्षं झाली. ती उत्तर द्यायला येणार नाही."

"म्हणून तर आजीला विचारलं, मामाआजोबा."

"वलू, हे बघ," पुष्कर मध्ये पडला. मध्ये पडणं हे कुसुमच्या या मुलाचं घरातलं कामच होतं, हिंजवडीच्या ऑफिसातही तो बहुधा तेच करत असावा. "उद्या प्रिंटला जायचंय. तो एक पॅरा आपण सॉफ्ट करू. 'निवड झाली' एवढंच लिही. पुस्तक पंचाहत्तर वर्षांचं आहे, एका ट्रिपचं नाही."

"बाबा, कव्हरवर त्या ट्रिपचाच फोटो आहे."

तंबूपुढे परदेशी मुलींच्या रांगेत उभी असलेली सोळा वर्षांची, दोन वेण्यांची कुसुम टेबलावरच्या कच्च्या छपाईतून सगळ्यांकडे बघून हसत होती. याच फोटोच्या जोरावर तिला शाळेत नोकरी मिळाली, याच फोटोच्या जोरावर ती जिल्ह्याची गाइड आयुक्त झाली, आणि लग्नाच्या बैठकीतही तो हातोहात फिरला होता.

"शिवाय," श्यामसुंदरांचा आवाज आता मऊ झाला, आणि तो मऊ झाला की कुसुमला लहानपणापासून धास्ती वाटे, "मानसभेत झालेलं बाहेर बोलायचं नाही, हा तुमचाच नियम ना? मी पुरुषमाणूस, मला काय कळतं. पण आई तर म्हणायची, तो मोडणारी गाइडच नव्हे."

कुसुमने चटकन मान डोलावली. हा आधार तिने आयुष्यभर वापरला होता आणि तो आज भावाने आयता हातात दिला. बाकीच्या तीन संघनायिकाही याच नियमाने गप्प राहिल्या, त्यातल्या दोघी तर गप्प राहूनच गेल्या.

"मामा, तो नियम मी दर वर्षी मुलींना सांगते," सुरुची म्हणाली. पंचवीस वर्षांत ती या घरात कधी कुणाच्या बोलण्याच्या आड आली नव्हती, त्यामुळे सगळे तिच्याकडे वळले. "मुलींना मोकळेपणाने बोलता यावं, म्हणून आहे तो. कप्तानाला झाकायला नाही. आई, तुम्हीच मला शिकवलंय, मानसभेत कप्तानाने फक्त ऐकायचं असतं."

"सुरुची, तूसुद्धा?" पुष्कर म्हणाला.

"मी काय पक्ष बदलला का? तुम्ही विचारलं नाहीत म्हणून बोलले नव्हते."

श्यामसुंदर बहिणीकडे वळले. "ताई, घरात आता तू नि मी उरलो. यांना दुर्गाबाई म्हणजे भिंतीवरचा फोटो. तुला मला ती आई आहे. एका बाईने पन्नास साली मुलींना अर्ध्या बाह्यांच्या गणवेशात रस्त्यावर काढलं, लोकांनी दारात शेण टाकलं. तिच्या पंचाहत्तर वर्षांच्या कामावर ही दोन पानं चिकटवायची? सांग."

तेही सगळं खरं होतं. कुसुमने परातीतली टरफलं बाजूला सारली. आईवर तिचं प्रेम होतं, आणि आईचा तिला रागही होता, आणि तो राग मनात आला की तिला आपलीच शरम वाटे.

"ललिताआजी साडेचारला येतायत," वल्लरीने हळूच सांगितलं. "जुन्या गाइड म्हणून मुलाखत घ्यायची होती. ही पानं सुटायच्या आधीच बोलावलं होतं मी."

"आमंत्रणही गेलं," श्यामसुंदर म्हणाले. "छान. मटार जरा जास्त सोल, ताई."

"मी सांगेन तिला," कुसुम म्हणाली.

तिचा आवाज एवढा बारीक निघाला की पुष्करने "काय?" असं विचारलं आणि तिला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा ते जरा जड गेलं.

"सांग," वल्लरी म्हणाली. "पण खरंच सांग, आजी. नाहीतर पुस्तकावरचं माझं नाव मी काढून घेते. मग ते मामाआजोबांच्या नावाने छापा."

ललिता साडेचारला पाच कमी असताना आली. वक्तशीरपणा दोघींनाही एकाच बाईने लावला होता. गुडघ्यामुळे हातात काठी, अंगावर फिकट जांभळी सुती साडी, आणि बरोबर नात श्रद्धा, नववीतली, रविवार असूनही निळ्या गणवेशात, गळ्यात स्कार्फ. सात-आठ वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लग्नात कुसुमची नि तिची भेट झाली होती, तीही जेवणाच्या पंगतीत. आज दोघींनी दारातच गाइडच्या रीतीने डावे हात मिळवले. ललिताचा हात खरखरीत आणि गरम होता. कुसुमचा गार पडला होता.

ललिताने लोणी काळभोरला जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, तिथे स्वतःचं पथक काढलं, शेकड्यांनी मुली गाइड केल्या. लोणीत आयुष्य गेल्यावर तिच्या बोलण्यात 'आहे'चं 'हाय' झालं होतं आणि त्याची तिला काही पडलेली नव्हती. तिने उपीट मागून घेतलं, सुरुचीच्या हाताचं कौतुक केलं, श्यामसुंदरना "श्याम, तू किती रे वाळलास" म्हणून गार केलं. वल्लरीने दोन-चार प्रश्न विचारले. पण तिचं लक्ष मुलाखतीत नव्हतं. ती आजीकडे बघत होती आणि एक हात टेबलावरच्या मिटलेल्या वहीवर ठेवून बसली होती.

कुसुम दोनदा बोलायला सरसावली. एकदा पुष्करने पाणी पुढे केलं आणि एकदा तिचंच धाडस गळालं. तिसऱ्यांदा ती "ललिता, मला तुला" एवढं म्हणाली तोच श्रद्धाने कव्हरची छपाई उचलली.

"आजी, हाच तो कॅम्प ना? तू यांना दिलास तो?"

श्यामसुंदरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मी निबंध लिहिला होता यावर," श्रद्धा सगळ्यांना सांगू लागली. "तालुक्यात पहिला नंबर आला. माझ्या आजीचा त्याग. तिचं सिलेक्शन झालेलं, फॉरेनला जायचं, पण तिने स्वतःहून फ्रेंडला चान्स दिला. सर म्हणाले, असं कोण करतं?"

"कोण करतं," ललिता म्हणाली. तिने बशी खाली ठेवली. "मीच बाईंना म्हणाले, माझं इंग्रजी कच्चं हाय, कुसुमला पाठवा. तिचं चांगलं हाय." मग तिने सरळ कुसुमच्या डोळ्यांत पाहिलं. "असंच झालं होतं ना गं, कुसुम?"

कुसुमने श्रद्धाकडे पाहिलं. मुलीचा चेहरा अभिमानाने नुसता उजळला होता. हिच्या हातून हे काढून घ्यायचं? आपल्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून एका म्हातारीला तिच्या नातीसमोर खोटं पाडायचं? वल्लरीचा हात वहीवरून हलला. आता ती उघडणार, असं वाटून कुसुम घाईने बोलली.

"हो," ती म्हणाली. "ललितानेच दिली मला ती जागा. मोठं मन तिचं."

श्यामसुंदरांनी सोडलेला श्वास ऐकू आला. ते एकदम उदार झाले. त्यांनी सुरुचीला आणखी चहा ठेवायला सांगितलं, श्रद्धाला पेन बक्षीस दिलं, आणि हा प्रसंग पुस्तकात आलाच पाहिजे, चौकटीत आला पाहिजे, असं टेबलावर बोट आपटून सांगितलं. एका वाक्यात आईही वाचली, बहीणही वाचली आणि ललिताचा सन्मानही झाला, यापरतं त्यांना काय हवं होतं. पुष्करने आईच्या खांद्यावर हात ठेवला. सुरुची रिकाम्या बशा उचलत राहिली.

वल्लरी उठून आतल्या खोलीत गेली. दार तिने आपटलं नाही, व्यवस्थित लावून घेतलं.

कुसुमला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आपण समजूतदारपणा दाखवला, वल्लरीला तो आज कळणार नाही, पुढे कळेल, अशी तिने मनाची समजूत घातली आणि पाहुण्यांबरोबर खाली निघाली. श्रद्धा रिक्षा थांबवायला जिन्यावरून धावत पुढे गेली. लिफ्टमध्ये दोघीच राहिल्या.

"तुझा भाऊ पुस्तकात घालायचं म्हणतोय," ललिता म्हणाली.

"हो. चौकटीत."

"घालू देऊ नकोस."

कुसुमने तिच्याकडे पाहिलं.

"बाईंनी मला सांगितलं, वडील नको म्हणाले. त्याच संध्याकाळी मी घरी विचारलं. ते म्हणाले, मला कुणी विचारलंच नाही. मी हो म्हणालो असतो." ललिता लिफ्टच्या आकड्यांकडे बघत बोलत होती. "पुढं मी शिक्षिका झाले. मुलींकडून गाइडचं वचन घेताना त्यांना काय सांगू, माझ्या कप्तानानं खोटं लिहिलं? म्हणून मग दिली म्हणायला लागले. फसलेली म्हणवून घेण्यापरीस देणारी बरी. ते घरात पसरलं, शाळेत पसरलं. आता मलाच कधीकधी खरं वाटतंय."

"मला वाटलं," कुसुम म्हणाली, "श्रद्धासमोर तुला खोटं कसं पाडायचं."

"मी तुला मुद्दाम विचारलं गं. तीन वेळा बस बदलून आले ते काय मुलाखतीला? ही गोष्ट सांगताना दर वेळी मनात यायचं, एक दिवस कुसुमसमोर सांगीन, आणि ती म्हणंल, नाही, असं नव्हतं झालं." लिफ्ट थांबली. ललिताने काठी पुढे टेकवली. "श्रद्धासमोरच पाहिजे होतं मला ते. येते."

कुसुम लिफ्टमध्येच उभी राहिली. दार आपोआप बंद व्हायला लागलं, तेव्हा तिने हात घालून ते अडवलं. पहिल्या वेळी ती सोळा वर्षांची होती आणि समोर आई होती. आज आई नव्हती, कुणीच सांगितलं नव्हतं, आणि तिने पुन्हा तेच केलं होतं. फाटकापाशी रिक्षा उभी राहिलेली दिसत होती. ती लिफ्टमधून बाहेर पडून तिकडे गेली.

"श्रद्धा," तिने हाक मारली. "बाळा, इकडे ये."

वरच्या बाल्कनीतून श्यामसुंदरांचा आवाज आला. "ताई, ऊन लागेल. वर ये."

डिसेंबरात संध्याकाळी साडेपाचला कसलं ऊन. कुसुमने वर पाहिलं नाही.

"मी मघाशी खोटं बोलले," ती श्रद्धाला म्हणाली. तिला मोठ्याने बोलायची सवय होती, कवायतीचं मैदान तिने तीस वर्षं गाजवलं होतं, आणि आता तोच आवाज निघाला. "तुझ्या आजीने मला जागा दिली नाही. मैत्रिणींनी तिला निवडलं होतं, चार मतांनी, त्यातलं एक माझं. माझ्या आईने वहीत खोटं लिहायला सांगितलं आणि मी लिहिलं. इंग्लंडला तुझी आजी जायची होती. तिची जागा मी घेतली."

जिन्यावरून कुणी तरी अनवाणी उतरल्याचा आवाज आला. वल्लरी होती. ती फाटकाच्या अलीकडे थांबली. पुढे आली नाही, पण परतही गेली नाही.

श्रद्धा कुसुमकडे बघत राहिली, मग आजीकडे वळली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "मग मला खोटं का सांगितलंस? मी निबंधात लिहिलं ना."

ललिताने एक पाय रिक्षात ठेवला होता. तो तिने खाली घेतला. कुसुमला वाटलं, आता ती नातीला जवळ घेईल, नाहीतर आपल्यावर तडकेल, आणि दोन्हींना तिची तयारी होती. ललिताने यातलं काहीच केलं नाही. तिने रिक्षावाल्याला सांगितलं, "दादा, तुम्ही जा. आम्हाला वेळ लागंल." मग सोसायटीच्या कट्ट्यावर पदराने धूळ झटकून ती बसली आणि एका बाजूला श्रद्धाला, दुसऱ्या बाजूला कुसुमला जागा करून दिली.

"बस," ती नातीला म्हणाली. "पहिल्यापासून सांगते. मी कुठं चुकले, तर ही सांगंल."